चार वाक्यांची नोकरी

सुलोचनाला नवऱ्याची भाषा शिकायला लग्नानंतरचं पहिलं वर्ष लागलं. दिनानाथ पराते इंदूरच्या एका मिलच्या लूम खात्यात विणकर होते. तिथे शेकडो माग एकदम चालत. शेजारच्या माणसाचं ओरडणंही पोचत नसे, म्हणून सगळे हातांनी आणि ओठांनी बोलत. अंगठा ओठाला लावला की पाणी. खांद्यावर दोन बोटं ठेवली की जॉबर, म्हणजे मुकादम, येतोय. पंजा छातीकडे ओढला की माग थांबव. पाटनीपुऱ्याच्या दोन खोल्यांत सासू, दोन दीर आणि एक नणंद असताना नव्या नवरीला नवऱ्याशी बोलायची सोय एवढीच होती. सासूच्या पाठीमागे उभी राहून ती बोटांनी सांगायची, आमटीत मीठ जास्त झालंय, गुपचूप खा. ते गुपचूप खायचे. सासू चारचौघींत म्हणायची, "आमची सून भारी अबोल."

दिनानाथांचे कान हळूहळू गेले. मिलमध्ये त्याला कुणी आजार म्हणत नसे. वीस वर्षं जुन्या विणकराला नीट ऐकू येत असेल तर त्यानं इतके दिवस कामचोरीच केली असणार, अशी थट्टा चालायची. समोरच्याचे ओठ दिसले की दिनानाथांना सगळं कळे, हिंदी असो की मराठी, आणि ते इतकं सहज उत्तर देत की निम्म्या नातेवाइकांना पत्ताच नव्हता. मिल बंद झाली तेव्हा भोंगाही थांबला. भोंगा थांबल्याचं त्यांना सुलोचनानं सांगितलं.

मग काही वर्षं शेवेच्या कारखान्यात कढईपाशी गेली, काही एका गोदामावर, आणि मधले कितीतरी महिने ओट्यावर बसून. सुलोचना ब्लाउज शिवू लागली. देवासच्या टेकड्यांवर पवनचक्क्या उभ्या राहिल्या आणि तिथल्या ठेकेदाराला मशीनला न भिणारी माणसं हवी होती, तेव्हा दिनानाथांनी अर्ज केला. डॉक्टरचा दाखला लागणार होता. डॉक्टर उमेदवाराच्या पाठीमागे उभा राहून हळू आवाजात आकडे बोलायचा आणि उमेदवारानं ते परत म्हणायचे. सुलोचना कागदांची पिशवी घेऊन समोरच्या खुर्चीवर बसली होती. डॉक्टर मागून "सत्ताईस" म्हणाला. तिनं गुडघ्यावर आधी दोन बोटं ठेवली, मग सात. दिनानाथ म्हणाले, "सत्ताईस." सगळे आकडे बरोबर आले. घरी येताना टेम्पोत दोघांना हसू आवरेना. सासूला फसवल्यासारखंच वाटलं होतं ते.

काम बुंध्याचं होतं. पवनचक्कीच्या पायथ्याशी लोखंडी दार आणि आत बटणांचं पॅनल. एक माणूस अंगावर पट्टे आवळून आतल्या शिडीनं वर जायचा, दुसरा पॅनलपाशी उभा राहायचा. वरचा वायरलेसवर सांगेल तेवढंच खालच्यानं करायचं, आणि करण्याआधी त्याचं वाक्य त्यालाच परत म्हणून दाखवायचं, असा नियम होता. सुलोचनाला वाटायचं, तो सेट कानाला लावतात, आवाज जोरात येत असेल, निभतंय. तिनं कधी विचारलं नाही. लेक पूर्णिमा राऊ गावच्या कॉलेजात जात होती, कॉलेजची बस लागली होती, घरात महिन्याचा पगार येत होता. चालत्या गाडीची चाकं कोण मोजतं.

वर जायचा तो उदयसिंह. देवासजवळच्या खेड्यातला, दोन मुलींचा बाप, तोंडानं फटकळ. रविवारी इंदूरला काही घ्यायला आला की जेवायला यायचा, कारण काकीजींचे बाफले, ते उकडून भाजलेले कणकेचे गोळे, त्याच्या आईसारखे होतात असं तो म्हणायचा. मराठी बाईच्या हातचा बाफला त्याच्या आईनं खाल्ला असता तर काय म्हणाली असती, असं सुलोचना म्हणायची.

त्या रविवारी त्यानं पिशवीतून कामाचं जाकीट काढलं. उजवी बाही खांद्यापासून फाटली होती आणि कडेला काळं ग्रीस बसलं होतं.

"काकीजी, ये बाँह जोड़ दो. घरवाली को दिखाऊँगा तो सौ सवाल करेगी."

"सवाल मी पण करीन. कुठे फाडलीस?"

"ऊपर. शाफ्ट ने पकड़ ली."

"चालू मशीनपाशी कशाला गेलास रे?"

"चालू कहाँ, ब्रेक लगा था." त्यानं बाफला तुपात कुस्करला. "मैंने सेट पे बोला, काकाजी रुको, पाना रह गया है, निकाल लूँ. उधर से आया, ओके, ब्रेक छोड़ा. और घूम गई. बाँह गई, हाथ मैंने खींच लिया."

सुलोचनाचा हात वाढता वाढता थांबला.

"सेट में खरखर बहुत है," उदयसिंह म्हणाला. "हवा भी थी. मैं ही धीरे बोला होऊँगा."

"साहेबांना सांगितलंस?"

"नया साहब तो बोलता है, जो होते-होते बचा वो भी लिखवाओ. लिखवाऊँ तो काकाजी की पेशी, साथ में म्हारी भी. रहने दो." मग त्यानं शेजारी जेवणाऱ्या दिनानाथांकडे मानेनं खूण केली. "आदमी हीरा है काकीजी. बाकी लोगों को दो बार बोलना पड़ता है. ये तो मैं बोल के चुप हुआ नहीं कि ओके."

दिनानाथ ताटावर वाकून डाळ-बाफला खात होते. त्यांनी मान वर केली नव्हती, उदयसिंहाचे ओठ पाहिले नव्हते. आपल्याबद्दल काही बोलणं चाललंय हेच त्यांना ठाऊक नव्हतं. शेवटी त्यांनी वर पाहिलं, दोघांना आपल्याकडे बघताना पाहून हसले आणि म्हणाले, "हो, हो. आज छान झालेत."

उदयसिंह गेल्यावर तिनं बाही शिवायला घेतली. कापड जाड होतं, सुई दोनदा मोडली.

भांडण संध्याकाळी स्वयंपाकघरात झालं, हातांनी झालं. बाहेरच्या खोलीत पूर्णिमा परीक्षेचं वाचत होती, आणि तिनं मान वर केली असती तरी तिला आईबाप कणीक आणि परातीबद्दल काही बोलतायत एवढंच दिसलं असतं.

सेटमधून तुम्हांला काय ऐकू येतं, सुलोचनानं विचारलं.

खरखर.

आणि?

खरखर थांबली की मी बोलतो.

काय बोलता?

दिनानाथांनी चार बोटं वर केली आणि एकेक मिटत गेले. पोचलो. काम सुरू. ब्रेक सोडा. उतरतोय. वरून चारच वाक्यं येतात, याच क्रमानं येतात. पहिली खरखर थांबली की पहिलं वाक्य म्हणायचं, दुसरी थांबली की दुसरं. इतके दिवस एकही चुकलेलं नाही.

सुलोचनानं त्यांची मूठ धरली आणि बाहेर राहिलेला अंगठा वर उभा केला. हा?

हा येत नाही.

आला होता. तिनं खुंटीवरचं जाकीट काढून त्यांच्या मांडीवर टाकलं, बाहीचा जोड दाखवला, आणि उदयसिंहानं सांगितलेलं सगळं ओठांनी, आवाज न काढता, सावकाश सांगितलं.

दिनानाथ जोडावरून बोट फिरवत राहिले. मग त्यांचे हात उठले. आता नीट लक्ष देईन.

कशाकडे?

त्यांनी जाकीट परत खुंटीला अडकवलं.

दुसरं काम मागा म्हणाली ती. ठेकेदार बहिऱ्याला टेकडीवर ठेवत नाही, त्यांनी सांगितलं. एकाला काढलंय. मग त्यांनी बाहेरच्या खोलीकडे बोट केलं, हवेत पुस्तक उघडलं, बसचा दांडा धरला. तिनं कणकेच्या गोळ्यावर ओलं फडकं टाकलं.

त्यानंतरचे दिवस वाईट गेले. सकाळी कामगारांना नेणारी जीप चौकातून हॉर्न वाजवायची. दिनानाथांना तो ऐकू यायचा नाही. सुलोचना त्यांच्या खांद्याला हात लावायची आणि ते डबा उचलायचे. इतकी वर्षं यात काही वाटलं नव्हतं. आता हॉर्न वाजला की तिचा हात जड व्हायचा. आपण खांदा शिवला नाही तर हे घरीच राहतील, आणि आपणच रोज शिवतो. गच्चीत वाळत घातलेली चादर वाऱ्यानं फडफडली की ती शिवण सोडून उभी राहायची. वाऱ्याच्या दिवशी वर जात नाहीत, असं दिनानाथांनी सांगितलं होतं. पण वारा किती, हे वरचा माणूस सेटवरच सांगत असेल ना.

उदयसिंहाला सांगून टाकावं असं तिला दोनदा वाटलं. एकदा तर तो जाकीट न्यायला आला, बाही ओढून म्हणाला, "अब शाफ्ट भी हार जाएगी." ती चहाला आधण ठेवायला आत गेली आणि तोंड धुऊन बाहेर आली. सांगितलं असतं तर तो काय करणार? हसून सोडून देईल किंवा साहेबाला सांगेल. एकात त्याचा जीव, दुसऱ्यात आपलं घर. चहा उतू गेला.

मग तपासणीची तारीख आली. नव्या साहेबांनी टेकडीवरच्या सगळ्यांची तब्येत तपासायचं ठरवलं होतं, तुकोगंजमधल्या एका दवाखान्यात. आधी डॉक्टर आकडे बोलणार, जो अडखळेल त्याची मशीनवर तपासणी. दिनानाथांनी आदल्या दिवशी स्वतःचा सदरा स्वतः इस्त्री केला आणि तिला म्हणाले, तोंडानं म्हणाले, "तू येशील ना?"

"येते," ती म्हणाली.

खोली लहान होती. डॉक्टर तरुण होता, घाईत होता. बाईमाणूस पिशवी घेऊन कोपऱ्यात बसलंय याचं त्याला काही वाटलं नाही. त्यानं दिनानाथांना स्टुलावर बसवलं, समोर उभं राहून सगळं समजावलं, तेव्हा दिनानाथ त्याच्या ओठांकडे बघत "जी, जी" म्हणत होते. मग तो पाठीमागे गेला. दिनानाथांची नजर सुलोचनाच्या गुडघ्यांवर आली. लग्नाच्या पहिल्या वर्षी, सासूच्या पाठीमागे उभ्या असलेल्या तिच्या हातांकडे, ते असंच बघायचे.

"चौंतीस," डॉक्टर हळूच म्हणाला.

सुलोचनानं दोन्ही हात पदराखाली घेतले.

दिनानाथ थांबले. त्यांच्या भुवया किंचित वर गेल्या, विचारल्यासारख्या. मग ते म्हणाले, "सत्ताईस."

"फिर से. इकसठ."

तिच्या पदराखाली बोटं बोटांत अडकली होती, नखं रुतत होती. ती त्यांच्याकडे बघत होती. नजर वळवली असती तर सोपं गेलं असतं, पण मग त्यांना वाटलं असतं की हिचं लक्ष नाही, चुकून राहिलं. ते चुकून नव्हतं, एवढं तरी त्यांना कळायला हवं होतं.

"इकसठ," डॉक्टर पुन्हा म्हणाला, थोडं मोठ्यानं. दिनानाथ नुसते बसून होते. डॉक्टरनं आणखी एक आकडा म्हटला, आणखी एक. दिनानाथांच्या चेहऱ्यावर वाट बघणाऱ्या माणसाचा शांतपणा होता. त्यांना वाटत होतं, तो अजून बोललेलाच नाही. खोलीत पंखा चालू होता, बाहेर कंपाउंडर कुणाला तरी रांगेवरून दटावत होता, आणि तिच्या नवऱ्याच्या डोक्यामागे एक माणूस बोलतच होता.

मग दिनानाथांनी तिच्या चेहऱ्याकडे पाहिलं आणि त्यांना समजलं. ते स्टुलावर मागे वळले. डॉक्टरला म्हणाले, "साहब, मशीन मत लगाओ. नहीं आता सुनने में. बहुत साल हुए."

तुकोगंजहून घरी येताना ते पुढे चालत होते. दोन्ही हात खिशात होते. ती मागून चालत होती, आणि मागून हाक मारायचा उपयोग नव्हता.

ठेकेदारानं महिनाभर लटकत ठेवलं, मग टेकडीखालच्या गोदामावर राखणीला घेतलं. पगार उतरला. पूर्णिमानं बस सोडली नाही, शिकवण्या धरल्या. सुलोचनाकडे ब्लाउजांबरोबर शाळेचे गणवेशही आले. घरात बोलणं होत होतं: जेवायला वाढ, गिरणीत गहू दिले का, पाणी आलं. सगळं तोंडानं. दिनानाथांचे हात मात्र तिच्याशी गप्प होते, आणि ती शिवत बसली की ते तिच्याकडे पाठ करून बसत.

पॅनलवर आता दुसरा माणूस होता. उदयसिंह बरेच रविवार आला नाही. आला तेव्हा दारातच चपला काढत रेंगाळला. जेवायला बसताना शेजारी न बसता दिनानाथांच्या समोर बसला, ओठ दिसतील असा. कुणीतरी त्याला सगळं सांगितलं होतं.

"काकाजी, तो वो ओके?"

"अंदाज से," दिनानाथ म्हणाले.

"कब से?"

"पहले दिन से."

उदयसिंहानं हातातला घास खाली ठेवला. "म्हारी छोटी उसी साल हुई थी," तो म्हणाला.

"मालूम है. पेढे मैंने खाए थे." दिनानाथांनी ताट थोडं बाजूला सारलं. "गाली देना है तो सामने देख के दे. नीचे मुंडी करके देगा तो मुझे पता नहीं चलेगा."

उदयसिंहाला हसायचं नव्हतं, पण हसू आलं, आणि घास नसताना त्याला ठसका लागला. तो वाकून खोकत राहिला. सुलोचना चुलीपाशी पाठमोरी होती. तिनं खोकला ऐकला आणि वळली, तोवर दिनानाथांनी तो डोळ्यांनी पाहिला होता. त्यांचा उजवा हात वर गेला, अंगठा ओठाला लागला. पाणी.

तिनं पाण्याचा तांब्या आणून ठेवला. मग तुपाची वाटी उचलून नवऱ्याकडे बघत हातानं विचारलं, वाढू?

दिनानाथांनी मान खाली घातली आणि बोटानं उदयसिंहाच्या ताटाकडे दाखवलं. आधी त्याला.