रस्टी रिमचं दुसरं फाटक

संजीव डुंबरे हा ओतूरकडचा गडी. अंगानं काटकुळा, पण बोटं अशी की दगडाच्या चिरेत एकदा रुतली म्हणजे निघायची नाहीत. डोंगर त्याच्या घरामागंच होता. चढायला त्याला कुणी शिकवलं नाही. चुकलेली शेळी कड्यावरनं खाली आणायची तर चढावंच लागायचं. पुढं तो इंजिनियर झाला, पुण्यात नोकरी केली आणि कंपनीनं त्याला अमेरिकेत रेडमंडला आणून टाकला. त्याला आता तेरा वर्षं झाली. आठवडाभर पावसात भिजत बसनं ऑफिसला जायचं, आणि शनिवार उजाडला की दोर गाडीत टाकून डोंगराची रांग ओलांडायची. रांगेच्या अलीकडं पाऊस, पलीकडं वाळवंट. करडी झुडपं, धूळ, आणि मैलोन् मैल माणूस नाही.

त्या वाळवंटात रस्टी रिम नावाचा कडा आहे. दगड आपल्या सह्याद्रीचाच, काळा, फक्त उन्हानं तांबूस पडलेला. संजीव म्हणायचा, "ह्या देशात माझ्या ओळखीचं एवढंच हाय." त्यानं त्या कड्यावर सतरा नव्या वाटा चढून काढल्या होत्या. रेडमंड आणि शेजारच्या बॉथेलची वीस-पंचवीस मराठी पोरंपोरी त्याच्या मागनं तिथं चढायला शिकली.

पण कड्यापर्यंतचा अकरा मैलांचा कच्चा रस्ता वर्ना टटल नावाच्या बाईच्या रानातनं जातो. बाई ऐंशीच्या घरात, एकटी, गुरं पाळणारी. चढणाऱ्यांना तिनं पंचवीस वर्षं जाऊ दिलं, तेही फुकट. वाटेत दोन फाटकं. पहिल्यावर पाटी होती, 'फाटक बंद करा'. दुसऱ्यावर काहीच नव्हतं.

जुलैतल्या एका रविवारी तीन गाड्या निघाल्या. पुढं मिहीर, मध्ये बॉथेलची दोघं, शेवटी संजीव. मिहीर नागपूरचा, बोलण्यात मोकळा आणि वस्तू विसरण्यात त्याहून मोकळा. दुसऱ्या फाटकाशी संजीव पोचला तर फाटक सताड उघडं आणि पुढच्या गाड्यांची धूळ वर चढलेली. संजीवनं कपाळाला हात लावला. "ह्या शहरातल्या पोरांच्या घरी कधी गुरं होती का?" असं पुटपुटत तो उतरला, फाटक ओढलं, साखळी अडकवली, वर तारेचा एक वेढा दिला.

ह्यात त्याचा दोष म्हणाल तर एवढाच, की त्याचं लहानपण त्याच्या हातात राहिलं होतं. आपल्याकडं पीक कुंपणात असतं आणि गुरं बाहेर. रानाचा झापा, म्हणजे काट्याकुट्यांचं फाटक, उघडा राहिला म्हणजे लोकाच्या म्हशी ज्वारीत शिरल्याच समजायचं. नववीत असताना एकदा त्याच्या हातनं झापा उघडा राहिला, तर शेजारच्या बांधावर कुऱ्हाडी निघाल्या होत्या आणि बापानं त्याला दाव्यानं फोडला होता. तेव्हापासनं उघडं फाटक दिसलं की ह्याचा हात आपोआप पुढं जातो.

संध्याकाळी परतताना त्यानंच ते उघडलं, तिन्ही गाड्या बाहेर काढल्या आणि परत नीट बंद केलं. बाकीच्यांनी काचेतनं बघितलं. कुणाच्या मनात काही आलं नाही.

पुढच्या शनिवारी मिहीरचा फोन. "भाऊ, रिमला टाळं लागलं बे. ग्रुपवर फोटो बघ."

फोटोत पहिल्या फाटकाला मनगटाएवढी साखळी होती आणि पुठ्ठ्यावर मार्करनं लिहिलेलं: 'माझ्या गाईंच्या पाण्याचं फाटक कुणीतरी बंद केलं. चार दिवस, शंभर फॅरनहाइटच्या वर ऊन. पाच गाई आणि तीन वासरं फाटकाशी उभी राहून मेली. ज्यानं बंद केलं त्यानं माझ्या घरी येऊन सांगावं. ऑगस्ट संपेस्तोवर कुणी आलं नाही तर हा रस्ता शिकारी क्लबला भाड्यानं जाईल आणि पुन्हा कुणासाठी उघडणार नाही.'

संजीवनं ते दोनदा वाचलं. मग फोन उपडा ठेवला आणि उगाच नळ सोडून हात धूत उभा राहिला. गुरांत वाढलेला माणूस तो. तहानेनं जनावर कसं जातं हे त्यानं दुष्काळात पाहिलं होतं. आधी हंबरतं, मग हंबरायचं थांबतं.

पोरं ग्रुपवर तुटून पडली होती. कुणी म्हणे कॉलेजची पोरं असतील, कुणी म्हणे शिकाऱ्यांनीच मुद्दाम केलं असेल. चढणाऱ्यांच्या संघटनेनं बाईला पत्र लिहिलं, नुकसान भरून देतो म्हणून. बाईनं पत्र तसंच माघारी धाडलं. वर लिहिलं होतं, 'मी पैसे मागितलेत का?'

उत्तरा, त्याची बायको, कोथरूडची. तिला त्यानं तिसऱ्या दिवशी जेवताना सांगितलं.

"ते फाटक मी लावलंय."

तिचा घास हातातच राहिला. "कुणी बघितलं?"

"सगळ्यांनी. पण कुणाला कळलं न्हाई."

"मग कळू देऊ नकोस. अरे, ग्रीन कार्डचा अर्ज अडकलाय आपला. उद्या त्या बाईनं केस टाकली तर? जनावरं मारली म्हणून? आपण इथले नाही आहोत, संजीव."

"पाच गाई हायेत, उत्तरा. तीन वासरं."

"आणि घरात माणसं किती आहेत ते मोज."

ती खोटं बोलत नव्हती, म्हणून तर जास्त लागलं. पुढचे दोन आठवडे त्या घरात ह्या विषयाशिवाय सगळं बोलून झालं. रात्री तो सरळ निजायचा पण सकाळी उशी जमिनीवर असायची.

ऑगस्टच्या तिसऱ्या आठवड्यात मिहीर ऑफिसच्या कँटीनमध्ये समोर येऊन बसला. ट्रे बाजूला सारला आणि हळूच म्हणाला, "मी जाताना ते फाटक उघडंच होतं, भाऊ. येताना तू उघडलंस."

"व्हय."

"म्हणजे मधल्या वेळात ते लागलं."

"व्हय."

मिहीरनं मान हलवली. "मी सोडून कोणाला आठवत नाही आहे. मी तर चाव्यासुद्धा विसरतो, माझं कोण ऐकतं? तू गप्प राहा. कडे काय, दुसरे शोधू."

संजीव म्हणाला, "मला वाटलं तू उघडं टाकून गेलास. मनातनं तुला चार शिव्या दिल्या मी."

"चारच?" मिहीर म्हणाला. पण हसलं कुणीच नाही.

ऑगस्टच्या शेवटच्या शनिवारी संजीवनं बूट घातले. दोर घेतला नाही, हे उत्तरानं पाहिलं. ती दारात उभी राहिली. ती आता अडवेल तर भांडायचं अशा तयारीनं तो वळला, पण ती म्हणाली, "जायचंय तर जा. फक्त एक कर. लिहून काही देऊ नकोस. सही कशावरच करू नकोस."

"न्हाई करत."

साडेचार तास तो गाडी हाकत होता. डोंगर संपले, पाऊस संपला, रेडिओसुद्धा संपला. बाईचं घर पत्र्याचं, अंगणात दोन ट्रक आणि एक लंगडं कुत्रं. बाई ट्रकखाली अर्धी घुसून काहीतरी ठोकत होती. ती बाहेर आली, हात पँटीला पुसले आणि त्याच्याकडं बघत राहिली.

त्यानं वाटेत वाक्यं घोकून ठेवली होती. त्यातलं एकही आठवलं नाही. "ते फाटक मी बंद केलं," एवढंच बाहेर पडलं.

बाई दोन पावलं पुढं आली.

"मुद्दाम?"

"नाही. आमच्याकडं उघडं फाटक दिसलं तर बंद करतात. नाहीतर गुरं पिकात जातात. मला वाटलं आमच्यातलाच कुणी विसरला."

"तुझ्या घरी गुरं होती?"

"चार म्हशी. दोन बैल."

"आणि तरी एवढं कळलं नाही, की ह्या अंगाला पाणी नाही?"

खरं तेच होतं. इतकी वर्षं तो त्या रस्त्यानं गेला, पण नजर सदा कड्यावर. पाण्याचा हौद फाटकाच्या कुठल्या बाजूला आहे, हे त्यानं कधी पाहिलंच नाही. "नाही कळलं," तो म्हणाला.

बाई आत गेली. तो तिच्या मागं जावं की नको अशा पेचात, तेवढ्यात आतनं हाक आली. स्वयंपाकघरातल्या टेबलावर तिनं पिवळ्या कागदाचं पॅड आपटलं, वर पेन टाकलं.

"लिही. तारीख टाक, काय केलंस ते लिही, खाली नाव आणि सही."

संजीवचा हात पेनापर्यंत गेला आणि थांबला. उत्तराचा चेहरा डोळ्यांपुढं आला. "कशासाठी पाहिजे?" त्यानं विचारलं. "वकिलाला द्यायला?"

"वकील?" बाई खुर्चीत बसली. पहिल्यांदाच ती म्हातारी दिसली. "माझ्या बहिणीला पुरायला गेले होते मी. चार दिवस. जाताना ते फाटक मी स्वतः उघडून ठेवलं आणि दिराला सांगितलं, एकदा चक्कर मार. डेल त्याचं नाव. तो गुरुवारी रानात गेला, तेव्हा गुरं मेली होती. म्हणाला, फाटक बंद होतं. मी पाटी लावली, आठवडे गेले, कुणी आलं नाही, तेव्हा मी म्हणाले, तूच बंद केलं असशील आणि विसरला असशील. त्याच्या वयाला होतं तसं. चारचौघांत म्हणाले. त्याच्याकडच्या फाटकाच्या किल्ल्या काढून घेतल्या. त्याच्या मुलानं आता त्याला डॉक्टरकडं न्यायचं चालवलंय, डोकं तपासायला. म्हाताऱ्यानं ट्रक चालवायचं सोडलंय. त्याला स्वतःलाच खरं वाटायला लागलंय."

मग ती म्हणाली, "तोंडी सांगितलेलं तो ऐकणार नाही. माझं तर नाहीच."

बाहेर लंगडं कुत्रं खरडत होतं. संजीवनं पेन उचललं. पहिली ओळ वाकडी गेली. तारीख, वार, वेळ, साखळी, वर तारेचा वेढा, परततानाचंही सगळं. खाली पूर्ण नाव, पत्ता, फोन, सही. बाईनं कागद वाचला, घडी घातली, सदऱ्याच्या खिशात ठेवला आणि चष्मा काढून टेबलावर ठेवला.

"आता मला त्याच्याकडं जावं लागेल," ती म्हणाली. हे तिला गाई मेल्यापेक्षा जड जात होतं हे दिसत होतं. "तू जा आता."

"आणि रस्ता?"

"जा म्हटलं ना."

घरी आल्यावर त्यानं बूट काढायच्या आधीच उत्तराला सांगितलं, की सही केली. ती आठ दिवस त्याच्याशी कामापुरतं बोलली. टपाल आलं की लिफाफ्यावर वकिलाचं नाव तर नाही ना, हे तो आधी बघायचा. ऑगस्ट संपला. शिकाऱ्यांचा बोर्ड लागल्याची बातमी आली नाही, टाळं निघाल्याचीही आली नाही.

सप्टेंबरच्या दुसऱ्या आठवड्यात बाईचा फोन आला. भर मीटिंगमध्ये. तो कॉरिडॉरमध्ये पळाला.

"शनिवार-रविवार हौद बघायला माणूस पाहिजे," बाई म्हणाली. "डेलचे गुडघे गेलेत, डोकं नाही. मे ते ऑक्टोबर, दर शनिवारी-रविवारी तुमच्यातल्या एकानं हौद बघायचा, मला फोन करायचा. मग खुशाल चढा. एक वार चुकला की साखळी परत. आणि यादी तू करायचीस. तुझ्या नावावर."

त्यानं हो म्हटलं. ग्रुपवर टाकताना मात्र सगळं टाकलं, फाटक कुणी लावलं तेही. दोघं-तिघं त्याच्याशी बोलायचे बंद झाले, एकानं ग्रुपच सोडला. मिहीरनं सगळ्यात आधी आपलं नाव घातलं, आणि खाली लिहिलं, 'मला आदल्या दिवशी फोन करा प्लीज.' उत्तरानं यादी वाचली आणि एवढंच विचारलं, "ऑक्टोबरमधल्या एका रविवारी कोणी नाहीये का? मग माझं लाव."

पहिला शनिवार संजीवचाच. टाळं निघालं होतं. बाकीच्या गाड्या कड्याकडं गेल्या, त्यांचे दोर एव्हाना वर चढलेही असतील. तो हौदापाशी गुडघाभर चिखलात उभा होता. पाणी चार बोटं उतरलेलं, नळाचं तोंड शेवाळानं बुजलेलं. पलीकडं वीस-तीस काळ्या गाई मान वर करून त्याच्याकडं बघत थांबलेल्या. तो पान्यानं नळाशी झुंजत असताना एक ट्रक येऊन उभा राहिला. आतनं एक उंच म्हातारा काठी टेकत उतरला, चालवायच्या बाजूनं. कुंपणाला रेलून बघायला लागला.

"तूच का तो कागदवाला?" त्यानं विचारलं.

संजीव सरळ उभा राहिला. "हो."

डेलनं हौदाकडं पाहिलं, मग त्याच्या हातातल्या पान्याकडं.

"उलटा फिरवतोयस," म्हातारा म्हणाला. "सर बाजूला."