अठ्ठेचाळीस चौकटींची निळी पट्टी

'दोगाराक' या रोबो-मालिकेच्या शेवटच्या भागात शेवटचं दृश्य अवघ्या दीड सेकंदाचं आहे. रोबोच्या छातीतलं दार उघडतं, आतून उजेड येतो आणि मालिका संपते. या दीड सेकंदावर आजवर जेवढी शाई खर्ची पडली आहे तेवढ्यात एका गावाच्या मतपत्रिका छापून झाल्या असत्या. कारण लढाईत दोगाराकचं डावं शिंग मोडलेलं आहे आणि या दृश्यात ते शाबूत दिसतं. मग हे स्वप्न का? आठवण का? आत बसलेला रिन मेला का जगला? चाहत्यांच्या मासिकांनी याची अकरा उत्तरं छापली. एका विद्यापीठातल्या मुलाने तर शिंग म्हणजे बालपण असं सिद्ध केलं.

खरं उत्तर कामी-इगुसा स्टेशनापासून सात मिनिटांवर, एका भाजीवाल्याच्या वरच्या मजल्यावर राहत होतं. त्याला कुणी विचारलंच नाही.

मिकामी फुसाए. वय एक्कावन्न, उंची बेताची, आवाज बेताचा, उजव्या हाताची पहिली तीन बोटं कायम लाल-निळी-हिरवी. ही बोटं घासून घासून जात नसत. भाजीवाला तिला मुळे देताना म्हणायचा, "पांढरे आहेत हो बाई, पांढरेच राहू द्या."

बोटं रंगायचं कारण तिचं काम. कार्टूनचं डबिंग म्हटलं की लोकांना वाटतं, पडद्यावर चित्रं हलतायत आणि समोर नट बोलतायत. असं पुस्तकात असतं. प्रत्यक्षात रेकॉर्डिंगचा दिवस उजाडतो तेव्हा निम्मी चित्रं अजून कुणाच्या तरी मेजावर असतात आणि तो कुणीतरी मेजाखाली झोपलेला असतो. मग कोऱ्या फिल्मवर रंगीत पट्ट्या ओढायच्या. लाल पट्टी रिनची, निळी म्हाताऱ्या मिस्त्रीची, हिरवी शत्रूची. पडद्यावर लाल रेघ थरथरते आहे तोवर रिनने बोलायचं, ती गेली की तोंड मिटायचं. चित्रकार मग त्या आवाजाला ओठ जुळवतात. म्हणजे पडद्यावरचा माणूस किती वेळ बोलणार हे लेखक ठरवत नाही, नट ठरवत नाही, दिग्दर्शक तर नाहीच. ते फुसाएबाई ठरवते.

ते ती असं ठरवायची. डाव्या हातात स्टॉपवॉच, उजव्या हातात जाड पेन. संवाद स्वतः पुटपुटायचा, काटा बघायचा, सेकंदाला चोवीस चौकटी या हिशेबाने फिल्म मोजायची आणि पट्टी ओढायची. शत्रूचा सेनापती, सात वर्षांची मुलगी, मरणारा सैनिक, सगळे आधी तिच्या तोंडातून बोलून जायचे. पट्ट्या ओढायला लागल्यापासूनच्या अकरा वर्षांत तिची एकही पट्टी चुकली नव्हती. हे ती कुणाला सांगत नसे. पण तिच्यासमोर दुसऱ्या कुणी सांगितलं तर अडवतही नसे.

नवरा शिगेझो ओगिकुबोच्या मार्गावर बस चालवायचा. बोलण्यात काटकसरी माणूस. दोघांच्या बावीस वर्षांच्या संसारात एकदा मोठं भांडण झालं आणि अकरा दिवस अबोला चालला. पण त्या अकरा दिवसांतही कामावर निघताना तो दारात बूट घालून म्हणायचा, "जाऊन येतो," आणि आतून उत्तर यायचं, "जाऊन या." त्यानंतर दोघं पुन्हा अबोल्याला लागायचे. अबोला ही घरातली गोष्ट. दारातली गोष्ट वेगळी. जाणाऱ्याने म्हणायचं आणि राहणाऱ्याने उत्तर द्यायचं, हे काही भांडणात आणायचं नसतं. फुसाएच्या माहेरी, उत्तरेकडे नोशिरोला, आजी तर रेडिओतल्या माणसालाही उत्तर द्यायची.

'दोगाराक'चे ठरले होते बावन्न भाग. पण मालिकेला पैसे पुरवणाऱ्या खेळण्यांच्या कंपनीने रोबोच्या हाताला गिरमिट लावून घेतलं, पाठीला विमान लावून घेतलं, तरी पोरांनी खेळणी घेतली नाहीत. मालिका त्रेचाळिसाव्या भागाला गुंडाळायचं ठरलं. दिग्दर्शक कुरुसू चौतीस वर्षांचा, बारा महिने एकच हिरवं जाकीट, आणि राग असा की पायमोज्याचा रंग चुकला म्हणून रंगवणाऱ्या बाईचं नाव त्याने नामावलीतून काढलं होतं. त्याने ठरवलं, रिनला मारायचं. खेळण्यांचा राग पोरावर.

त्याच आठवड्यात संकलन खोलीचे प्रमुख त्सुरुमाकी फुसाएच्या मेजाशी आले. भला माणूस, पण चांगली बातमीसुद्धा वाईट बातमीसारखी सांगायचा.

"मिकामी-सान, एक झालंय."

"काय चुकलं?"

"चुकलं नाही. शेवटच्या भागात नाव घालतायत तुमचं. संकलन साहाय्य. नावांची पाटी लिहायला जातेय परवा."

फुसाए फिल्मवर वाकलेली होती ती वाकलेलीच राहिली. "बरं," म्हणाली. एकोणीस वर्षं त्या धंद्यात होती, आणि पडद्यावर तिचं नाव एकदाही आलं नव्हतं. घरी गेल्यावर तिने शिगेझोला जेवताना सांगितलं. त्याने सूप संपवलं, वाडगा खाली ठेवला.

"किती वेळ दिसतं?"

"दोन सेकंद."

"शनिवारी साडेपाचला ना? माझी गाडी पाच पंचावन्नला सुटते. माझ्या जागी दुसऱ्याला बसवत नाही मी. नाव त्याआधी येईल ना?"

"बस डेपो समोर आहे म्हणून बरं," ती म्हणाली.

आता एवढंच जपायचं होतं, की शनिवारपर्यंत कुरुसूचा डोळा तिच्या नावावर जाऊ नये. आणि नेमका त्रेचाळिसावा भाग असा आला की अख्ख्या भागात चित्र म्हणून नाव नाही. सगळ्या पट्ट्याच. संवाद दोनशे बारा. ती सकाळी बसली ती दुपारी तीनला उठली. पट्ट्या ओढून झाल्या की मोजायच्या आणि संहितेशी ताडून बघायच्या, हा तिचा नियम. पण रीळ न्यायला आलेला मोटारसायकलवाला जिन्यात हेल्मेट न काढता उभा होता. अकरा वर्षांत पहिल्यांदा न मोजलेलं रीळ तिच्या हातून गेलं.

दुसऱ्या दिवशी सकाळी दहाला रेकॉर्डिंग. नऊ नट, चार माइक. सगळे मोजे घालून, कुणाच्या अंगावर सळसळणारं कापड नाही, पान उलटायचं तेही आवाज न करता. म्हातारा मिस्त्री करणारे वाकुई सहासष्टचे, जुन्या रेडिओचे. ते दर वेळी रेकॉर्डिंगआधी आंबट प्लम घातलेला भाताचा गोळा खायचे, कारण विसाव्या भागात त्यांचं पोट माइकमध्ये बोललं होतं. ती गुरगुर तशीच राहिली आणि शत्रूच्या यानाचं इंजिन म्हणून पुढे सहा भाग चालली. याचा त्यांना संवादांपेक्षा जास्त अभिमान होता.

फुसाए मागच्या बाकावर बसली. लाल दिवा लागला. त्या काळी अर्धा भाग सलग करायचे, एकाचं चुकलं तर सगळ्यांना पहिल्यापासून. पडद्यावर पांढरं, आणि पांढऱ्यावर तिच्या रेघा. लाल, हिरवी, लाल. मग तो प्रसंग आला. रिन शेवटच्या लढाईला निघतो, खाली मिस्त्री उभा. लाल पट्टी आली.

"जाऊन येतो," रिनचं काम करणारा होशिना म्हणाला. लाल पट्टी गेली.

आणि निळी आली.

वाकुई माइकपासून अर्धं पाऊल मागे गेले होते. ते पुढे आले आणि म्हणाले, "जाऊन ये."

फुसाएला यात काहीच खटकलं नाही. खटकलं ते त्सुरुमाकींची मान हळूहळू तिच्याकडे वळली तेव्हा. संहितेत ते वाक्य नव्हतं. रिन म्हणतो, दार बंद होतं, शांतता. कुरुसूने ती शांतता लाल पेन्सिलीने दोनदा अधोरेखित केलेली होती.

तिच्या लक्षात आलं काय झालं ते. काल स्टॉपवॉच दाबून ती रिनचं वाक्य पुटपुटली, आणि तोंडाने आपणहून उत्तर दिलं. काट्याने ते मोजलं आणि हाताने ओढलं. दोन सेकंद, अठ्ठेचाळीस चौकटी, निळ्या रंगात, कारण दृश्यात दुसरं कुणी नव्हतंच.

रीळ शेवटपर्यंत चाललं. लाल दिवा विझला. काचेपलीकडच्या खोलीतून कुरुसू खाली आला, सपाता फटफटवत.

"ती निळी पट्टी कुणाची?"

"धावपळीत झालं असेल आमच्या खोलीत," त्सुरुमाकी म्हणाले. "म्हणजे मीच..."

"माझी आहे," फुसाए उभी राहिली. "सगळ्या माझ्याच आहेत."

"संहितेत आहे ते वाक्य?"

"नाही."

"मग कुठून आलं?"

"तो म्हणाला ना, जाऊन येतो."

कुरुसूने वाकुईंकडे बघितलं. "आणि तुमच्या हातात संहिता होती की."

"होती," वाकुई म्हणाले. "पण पोरगं दारातून निघालं, त्यात मी पान कुठे बघू? पट्टी नसती तरी बोललो असतो कदाचित. मग चूक माझी झाली असती. बाईंनी वाचवलं."

"मी त्याला मारतोय, वाकुई-सान."

"मारा की. तुमचा पोरगा आहे. पण उंबऱ्यात नका मारू."

कुणीतरी हसू दाबलं. कुरुसूला ते ऐकू गेलं आणि तो आणखी चिडला. तो फुसाएकडे वळला.

"पट्टी पुसता येते?"

"येते. स्पिरिट आणि कापूस. दोन मिनिटं."

"मग पुसा. आपण पुन्हा घेऊ."

इथे गप्प बसायचं होतं. गप्प बसली असती तर शनिवारी नाव आलं असतं, हे तिला स्पष्ट दिसत होतं, पांढऱ्या अक्षरात, काळ्या पाटीवर. ती म्हणाली, "पुसते. पण मग लालसुद्धा पुसावी लागेल."

"का?"

"उत्तर द्यायला कुणी नसेल तर त्याने म्हणू नये. नुसतं जाऊ दे. पण तो म्हणतो, आणि समोर माणूस उभा असून गप्प बसतो? एवढे दिवस त्याच मिस्त्रीने त्याला डबा दिलाय. असा माणूस कुठे असतो, साहेब? मी तरी नाही बघितला."

तिचा आवाज नेहमीसारखाच बेताचा होता. पण ती खोली आवाज टिपण्यासाठीच बांधलेली.

कुरुसूने जाकिटाच्या खिशात हात घातले. "आणि म्हटल्यावर तो आला नाही तर?"

"ते त्याचं त्याला. आपण म्हणायचं आपलं काम."

"होशिना," कुरुसू मान न वळवता म्हणाला, "तू काय केलंस मघाशी? तुझं वाक्य संपल्यावर मला श्वास ऐकू आला तुझा."

होशिना कानापर्यंत लाल झाला. "थांबलो होतो मी. तालमीतही थांबत होतो. उत्तर येत नव्हतं म्हणून विचित्र वाटायचं, पण तुम्हाला तेच हवं असेल असं वाटलं."

कुरुसू वर गेला. काचेमागे बसला, टेबलावरचा माइक चालू केला आणि म्हणाला, "पुढच्या अर्ध्याला लागा. आधीचं ठेवतोय."

दोन दिवसांनी तो संकलन खोलीत आला. दाढी वाढलेली, जाकीट तेच. फुसाएच्या मेजाशी उभा राहून म्हणाला, "झालं तुमच्या मनासारखं. आता मला त्याला मारता येत नाही. तीन वेळा लिहिलं, तीन वेळा तो मिस्त्री मध्ये येतो."

"मग?"

"शेवटी दार उघडलेलं पाहिजे. एवढंच. पण काढायला माणूस नाही, सगळे आडवे झालेत. प्रसारण परवा."

फुसाए उठली. कोपऱ्यात तिच्या कापडी पिशव्या टांगलेल्या होत्या, कापून काढलेल्या फिल्मच्या. बाकीच्या खोल्यांत असले तुकडे कचऱ्यात जायचे. तिने भागवार ठेवले होते, चिठ्ठ्या लावून. चौथ्या भागाच्या पिशवीतून तिने चुरगळू न देता एक तुकडा ओढला आणि उजेडासमोर धरला.

"हे घ्या. पहिल्यांदा बसायला जातो तेव्हाचं दार. लांब वाटलं म्हणून तुम्हीच कापायला लावलं होतं. छत्तीस चौकटी."

कुरुसूने भिंग लावून पाहिलं. "उघडतंय."

"पण शिंग बघा. चौथ्या भागात मोडलेलं नाही."

तो भिंगातून डोळा न काढता पहिल्यांदा हसला. "असू दे. बसतील डोकं खाजवत."

नावाचा विषय त्याने काढला नाही. तिनेही विचारलं नाही. त्सुरुमाकींना विचारलं तर ते म्हणाले, पाट्या लिहून आल्यात पण पाकीट दिग्दर्शकाकडे आहे, आणि हे त्यांनी अशा चेहऱ्याने सांगितलं की फुसाएने पुन्हा विचारलं नाही.

शनिवारी साडेपाचला शिगेझो गणवेश घालून, टोपी मांडीवर घेऊन टीव्हीसमोर बसला. रोबो काय करतोय हे त्याला कळलं नाही. मात्र "जाऊन ये" आलं तेव्हा त्याने बायकोकडे बघितलं, आणि ती टीव्हीकडेच बघत राहिली. दार उघडलं. शिंग शाबूत. मग गाणं, आणि गाण्यावर नावांच्या पाट्या एकेक करून येऊ लागल्या. चित्रकार, रंगवणाऱ्या बायका, पार्श्वभूमी, आवाज. भिंतीवरच्या घड्याळात पाच बावन्न. शिगेझो उठला, दाराकडे गेला, बूट घालता घालता मान वळवून बघत राहिला.

संकलन : त्सुरुमाकी. आणि त्याच्याखाली, तेवढ्याच मोठ्या अक्षरात, संकलन साहाय्य : मिकामी फुसाए.

ती मोजत होती. ओठ हलत होते. दोन सेकंद म्हणाले होते, पण पाटी गेली नाही. चव्वेचाळीस, अठ्ठेचाळीस, साठ. बाहत्तर चौकटींना ती गेली. पूर्ण तीन सेकंद. कुणाच्याही नावाला त्या मालिकेत तीन सेकंद मिळाले नव्हते, खुद्द कुरुसूलाही नाही. अशी चूक संकलनात आपोआप होत नाही, हे तिच्याइतकं कुणाला ठाऊक असणार.

"जाऊन येतो," दारातून शिगेझो म्हणाला.

ती रंगीत बोटं मांडीवर ठेवून पडद्याकडेच बघत होती. तिथे आता सर्दीच्या औषधाची जाहिरात लागली होती.

शिगेझो दारातच थांबला. टोपी घातली, काढली, पुन्हा घातली. समोर डेपोत त्याच्या गाडीत माणसं चढलेली दिसत होती. पण असं कसं निघायचं.

"अगं," तो म्हणाला, "जाऊन येतो म्हटलं मी."

"अं? हो," फुसाए वळली. "जाऊन या."

त्या संध्याकाळी ओगिकुबोची बस दीड मिनिट उशिरा सुटली. त्याविषयी मात्र कुठल्याही मासिकात अजून काही छापून आलेलं नाही.