मौद्याहून चालणारे पेज

वर्दी उतरवून बराच काळ झाला. पण ज्या तपासात शेवटी कोणालाच अटक करावी लागली नाही, तोच मला जास्त आठवतो.

मी तेव्हा नागपूरच्या एका ठाण्यात निरीक्षक होतो. सकाळची हजेरी संपली आणि रामटेककडचे एक गृहस्थ तावातावाने आत आले. मुलीच्या लग्नासाठी त्यांनी नागपूरच्या एका बँडच्या ऑनलाइन पेजवर विचारणा केली होती. ‘तारीख मोकळी आहे, नक्की येतो,’ असे उत्तर आले. लग्नाच्या दिवशी बँड आलाच नाही.

"लेकीचं लग्न मुकंच लागलं, साहेब," ते म्हणाले.

बँडमास्तरला बोलावले. पन्नाशीचा, कीबोर्ड वाजवणारा साधा माणूस. त्या दिवशी बँड दुसऱ्या लग्नात वाजवत होता.

"पेज आमच्या नावाचं आहे, पण आमचं नाही. कोण चालवून राहिलं, मले माहीत नाही. त्याच्यावर फोन नंबर माझा आहे, बुकिंग येते, म्हणून मी काही बोललो नाही."

खबर मिळाली, की हे काम दुसऱ्या एका बँडवाल्याचे आहे. त्याला बसवून विचारपूस केली. तो हसला. "साहेब, मी त्याईचं नाव काहून मोठं करीन?"

मुद्दा बिनतोड होता. मग मी ते पेज शेवटपर्यंत पाहिले. ढोलकीवाल्याच्या हाताचे कौतुक, सॅक्सोफोनवाल्याला वाढदिवसाच्या शुभेच्छा, चाहत्यांच्या प्रत्येक प्रश्नाला प्रेमाने उत्तर. आगाऊ रक्कम कुठेच मागितलेली नव्हती. फसवणारा माणूस इतका जीव लावत नाही.

सायबर सेलकडून पेजला जोडलेला मोबाइल क्रमांक आला. नागपूरजवळच्या मौद्याच्या एका बाईच्या नावावर होता. नाव ऐकताच बँडमास्तर उठून उभा राहिला. ती त्याच्या बँडची गायिका. काही वर्षांपूर्वी एकाएकी सोडून गेलेली. नंतर फोनही उचलला नव्हता.

महिला हवालदार आणि बँडमास्तरला घेऊन मी साध्या कपड्यांत मौद्याला गेलो. दार तिनेच उघडले. बोलू लागली तेव्हा नुसती श्वासासारखी कुजबुज ऐकू येत होती.

"गळ्याचं ऑपरेशन झालं, साहेब. आवाज गेला." वादकांनी मोबाइल स्टेटसवर टाकलेले व्हिडिओ घेऊन ती पेजवर लावायची. "मले गाता येत नाही, पण याईचं वाजवणं तरी लोकांनी ऐकावं. तारीख मोकळी असंल, अन् ते पेजवरच्या नंबरवर फोन करतीलच वाटलं. चुकी माझीच."

बँडमास्तर पुढे झाला. "मले काहून नाही सांगितलं वं?"

"सांगितलं असतं तर तुम्ही दुसरी गायिका ठेवली नसती, दादा."

त्याने तिथूनच रामटेकच्या गृहस्थांना फोन लावला.

तक्रार मागे घेतली गेली. नवरी पहिल्यांदा माहेरी आली, त्या संध्याकाळी बँडने रामटेकला तिच्या अंगणात मनसोक्त वाजवले. गायिका नवरीजवळ जाऊन माफी मागू लागली.

"काकू, जरा मोठ्यानं बोला ना," नवरी म्हणाली. मग तिच्या लक्षात आले. तिने गायिकेचे दोन्ही हात धरले आणि आपला कान तिच्या ओठांपाशी नेला.

चौकशीत आम्ही आधी विचारत असू, यात फायदा कोणाचा? त्यानंतर मी आणखी एक प्रश्न विचारू लागलो: यात जीव कोणाचा अडकला आहे?