थोरल्याचं पथ्य, धाकट्याचं पोट

माझा मामा शिंपी. घराच्या पुढच्या खोलीतच त्याचं दुकान. मापाच्या बाबतीत त्याचा हात धरणारा कुणी नाही. गिऱ्हाईक दारातून आत येईपर्यंत त्याची कंबर मामाला कळलेली असते. अशा माणसाला कुत्र्याच्या एका पिल्लाच्या पोटाचा अंदाज येईना, हे मला आधी खरंच वाटलं नाही.

पिल्लाचं नाव धाकटा. त्याच्या आधीचा तो थोरला. थोरला जिवंत असताना त्याला कुणी थोरला म्हणत नव्हतं. पिल्लू आलं तेव्हा बिचाऱ्याला मेल्यावर बढती मिळाली. म्हातारपणी त्याची मूत्रपिंडं थकली आणि प्राण्यांच्या डॉक्टरीणबाईंनी पथ्य लावलं. मऊ भात, उकडलेला भोपळा, अंड्यातला पांढरा भाग, बिनमिठाचं सगळं. मांसाचं नाव काढायचं नाही. मामा स्वतःची रक्तदाबाची गोळी विसरायचा, पण थोरल्याचा भोपळा कधी विसरला नाही. तरी थोरला गेलाच. त्यानंतर मामाचं एकच पालुपद सुरू झालं, "आयुष्यभर मीच त्याला मटण चारलं. त्यानंच घात केला." आम्ही समजूत घालून थकलो, सगळं पालथ्या घड्यावर पाणी.

मग धाकटा आला आणि मामानं त्याच्यासाठीही पहिल्या दिवसापासून भात-भोपळा शिजवायला घेतला. दुधानं तोंड पोळलेला माणूस ताकही फुंकून पितो, हे मी ऐकलं होतं. पण हा तर दुसऱ्याचं तोंड पोळलं म्हणून तिसऱ्याचं ताक फुंकत होता!

धाकटा ताटली चाटूनपुसून साफ करायचा आणि लगेच कपड्यावर खुणा करायचा खडू पळवून कुरतडायला बसायचा. खडू लपवले, तर भिंतीचे पोपडे खाऊ लागला. बरगड्या मोजून घ्याव्यात अशा, केस राठ, आणि पुढचे दोन्ही पाय बाहेरच्या बाजूला वाकायला लागलेले.

"खातो तर एवढा, मग अंगाला का लागत नाही?" मामा येईल त्याला विचारायचा. गिऱ्हाइकं तर काय, सल्ला द्यायला बसलेलीच. एक म्हणे दूध द्या, दुसरा म्हणे दुधानं जुलाब होतील. एकानं कॅल्शियमची पावडर आणून दिली, दुसऱ्यानं ती ओढून घेतली, म्हणाला याला जंत झालेत. एक ना धड, भाराभर चिंध्या. मामा मान डोलवायचा, गोंधळायचा आणि शेवटी भात-भोपळ्यावर यायचा.

"अरे मामा, थोडं मांस देऊन तर बघ," मी चिडून म्हणाले.

"आणि याचीही मूत्रपिंडं गेली म्हणजे? तू भरून देणार आहेस?"

पुढे एकदा सकाळी धाकट्याला दुकानाचा उंबरा चढवेना. पुढचे पाय घसरले, तो तिथंच बसला आणि मामाकडे बघत राहिला. मामानं अर्धी कापलेली विजार तशीच टाकली, त्याला उचललं आणि आम्ही दोघं दवाखान्यात गेलो.

डॉक्टरीणबाईंनी पाय दाबून पाहिले. "खायला काय देता?"

मामानं अभिमानानं सगळं सांगितलं. त्यांनी कपाळाला हात लावला.

"अहो, ते म्हाताऱ्या आजाऱ्याचं पथ्य होतं. हे वाढतं पोर आहे."

"पण तुम्हीच सांगितलं होतंत ना?" मामाचा चेहरा बघवेना.

"त्याच्यासाठी सांगितलं होतं. याला हाडं घडवायचीत, अंग भरायचंय. पिल्लांसाठी मिळतं ते तयार खाणं थोडं थोडं, दिवसातून चारदा द्या. पावडर वरून अजिबात नको, अति झालं तर तीही हाडं बिघडवते. आणि कधी उकडलेलं कोंबडीचं मांस, हाड काढून."

मी मध्येच बोलले, "मामा, पोराचा सदरा आजोबांच्या मापानं बेततोस का तू?" मामानं ऐकलंच नाही. तो पायांचं विचारत होता. लहान आहे, सुधारतील, पण लगेच सुरुवात करा, असं बाई म्हणाल्या.

आम्ही उठलो तरी मामा उठेना. "म्हणजे थोरला मटणानं गेला नाही?"

"नाही हो. वयानं गेला. तुमच्या पथ्यानं उलट जास्त जगला."

"शेवटी शेवटी कुठूनही मटणाचा वास आला की मान उचलायचा. शेवटच्या दिवशीसुद्धा. मी दिलं नाही."

बाई हात धूत होत्या. तिकडूनच म्हणाल्या, "शेवटच्या दिवशी दिलं असतं तरी चाललं असतं."

मला त्यांचा असा राग आला! खरं असलं म्हणून काय झालं, प्रत्येक खरं तोंडावर मारायचं असतं का? मामा वाटभर धाकट्याला छातीशी धरून चालला. चांगलं केलं त्याचं वाईट कसं झालं, हे त्याला कळेना, आणि खरं सांगायचं तर मलाही धड सांगता येईना.

घरी मामीनं कोंबडीचं मांस उकडलं, हाडं काढून, बारीक करून ताटलीत घातलं. धाकटा इतक्या घाईनं खायला लागला की ताटली फरशीवरून सरकत भिंतीला जाऊन लागली. मामा शिलाईयंत्रापाशी पाठ करून बसला. त्याचे खांदे हलत होते.

दवाखान्यातलं सगळं मी मामीला स्वयंपाकघरात सांगितलेलं होतं. ती पदराला हात पुसत त्याच्यामागे येऊन उभी राहिली.

"मी दिलं होतं थोरल्याला," ती म्हणाली. "त्या दिवशी. तुम्ही कापड आणायला गेला होतात."

मामा वळला. मला वाटलं, आता भडकणार. थोरल्याचं पथ्य मोडलं म्हणून त्यानं एकदा सख्ख्या भावाशी अबोला धरला होता.

मामी खरं बोलत होती की नाही, मला आजही ठाऊक नाही. मी विचारलं नाही, विचारणारही नाही.

"खाल्लं त्यानं?" मामानं विचारलं.

"खाल्लं की."

"किती?"

"पोटभर," मामी म्हणाली.