मृगाला आलेल्या शेपट्या
दुर्बीण ताऱ्यांबरोबर आपोआप फिरवणाऱ्या नव्या कॉम्प्युटरवाल्या माउंटचं खोकं उघडलं तसा ग्रीसचा वास आला आणि बाबांचे हात आठवले. मी लहान होतो, मिल बंद होऊन दोन वर्षं झाली होती, तेव्हाची गोष्ट. मिलमध्ये फिटर असलेल्या बाबांनी माझ्यासाठी दोन फळ्या, एक बिजागरी आणि लांब स्क्रू यांचं जुगाड बनवलं होतं. बिजागरी ध्रुवाच्या रोखाने ठेवून स्क्रूला मिनिटाला एक फेरा दिला, की वरचा कॅमेरा ताऱ्यांबरोबर सरकायचा. थंडीतल्या त्या संध्याकाळी गच्चीवर मी मृग नक्षत्राचा फोटो घेत होतो, रोलमधला शेवटचा. बाबा घड्याळ न बघता अगदी बिनचूक फेरे देत होते. अचानक त्यांचा हात थांबला. "बाबा, फिरवा ना," मी चिडून म्हणालो. "अरे, भोंगा झाला ना, जेवणाची सुट्टी," ते बोलून गेले. मी घड्याळ पाहिलं, बरोबर साडेसात. मिलचा भोंगा दोन वर्षांत वाजलाच नव्हता. त्यांनी मान खाली घालून पुन्हा स्क्रू धरला, पण फोटोत प्रत्येक ताऱ्याला बारीक शेपटी आलीच. नव्या माउंटला कुणाचा हात लागत नाही. साडेसात वाजले, की त्याला तसंच चालू ठेवून मी जेवायला खाली उतरतो.