शाडूची गॅरंटी

हमरापूरच्या एका मूर्तिकाराकडून मी दरवर्षी शाडूचा गणपती आणतो. दर वाक्याला 'गॅरंटी' म्हणायची त्याला सवय आहे. "दोन तासांत मूर्ती विरघळणार, गॅरंटी!" हे तर तो दातांत धरलेला ब्रशही न काढता सांगतो.

यंदा त्याने कारखान्यात काचेची टाकी मांडली. गिऱ्हाइकांनी बसल्या जागी पाण्यातली हिरवीगार रोपं आणि मासे बघावेत, अशी हौस. रोपं त्याने पनवेलहून आणली. दुकानदार तळाला घालायची खास मातीही देत होता, ती मात्र याने घेतली नाही. "मला माती शिकवतो व्हय!" म्हणत याने तळाला शाडूच्या मातीचा जाड थर दिला, बाप्पाच्या पोटावरून फिरवावा तसा त्यावरून अंगठा फिरवला, रोपं खोचली आणि पाणी सोडलं.

मी गेलो तेव्हा टाकीत ताक भरल्यासारखं दिसत होतं. रोपांचा पत्ता नव्हता.

"अरे, ही माती विरघळते म्हणून तूच सांगतोस ना?" मी विचारलं.

"मास्तर, ते गिऱ्हाइकाला सांगायचं असतं," तो हळूच म्हणाला. "खरंच विरघळते ते मला काय म्हाईत!"

तेवढ्यात पेणचं एक जोडपं आलं. बाईंनी विचारलं, "मूर्ती नक्की विरघळेल ना?"

त्याने तोंडातला ब्रश काढला, दोघांना टाकीसमोर नेलं आणि म्हणाला, "बघा."

गॅरंटी हा शब्द त्या दिवशी पहिल्यांदाच त्याच्या तोंडून निघाला नाही.