लेन्सची कुंची

"काका गेले गं..." काकूंचा फोन आला तेव्हा मी भोपाळमध्ये एका हळदीच्या मांडवात कॅमेरा गळ्यात अडकवून उभी होते. सोलापूरला वेळेत पोचणं शक्यच नव्हतं. कोपऱ्यात जाऊन रडले, आणि डोळे पुसून आधी काय पाहिलं, तर लेन्सवरची काच नीट बसलीय ना! विरूकाकांनी हे बघितलं असतं तर भर मांडवात हसत सुटले असते.

नववीत माझी शाळा सुटली आणि दुधनीहून मी सोलापूरला त्यांच्या फोटो स्टुडिओत शिकायला आले. तळहाताला कायम घाम. लेन्सवर ओरखडा पडला तर? म्हणून मी तिच्यावर फिल्टर, म्हणजे साधी पारदर्शक काच, चढवूनच ठेवायचे. काकांना ते अजिबात खपायचं नाही. "लेन्स हाय ती, तान्हं लेकरू न्हाय. कुंची कशाला घालतीस?" मीही तोंड वर करून म्हणायचे, "तुमी हेल्मेट तरी कुटं घालता काका!"

मग सोलापूरच्या पूर्व भागातलं ते तेलुगू विणकरांच्या घरचं लग्न! मुख्य कॅमेरा पहिल्यांदाच माझ्या हातात. वडिलांनी बजावलं होतं, हे काम बिघडलं तर मुकाट्यानं घरी यायचं, स्थळ बघून ठेवलंय. नवरा-नवरी एकमेकांच्या डोक्यावर ओंजळी भरभरून हळदीचे तांदूळ ओतत होते, सगळा मांडव ओरडत होता, दाणे माझ्या काचेवर तडतडत होते आणि मी खुशीत! "बघा काका, कुंची कामाला आली!" "आली बाई, आली. आता दिवे आले, काढ ती." त्यांचं बरोबर होतं. ओवाळणीच्या ताटातल्या ज्योतीचं पुसट प्रतिबिंब काचेमुळे फोटोत थेट नवरीच्या गालावर उमटत होतं. पण काच निघेना! भीतीपोटी मीच ती मरणाची आवळलेली, त्यात आट्यांमध्ये हळद शिरलेली. नवरीच्या आज्जीनं ताट उचललं. मी ओढणीत धरून काच पिळली, तरी जागची हलेना...

साठीचे काका मांडवाबाहेर पळाले, ते स्वतःची रबरी चप्पल घेऊनच आले. चपलेचा तळ शर्टाला पुसला, लेन्स त्यावर पालथी दाबली आणि रबरानं काच धरताच गर्रकन फिरवली. सुटली!

"अय्यो, मांडवात चप्पल?" नवरीची आत्या किंचाळली.

"पायात न्हाय, हातात हाय की!" काका म्हणाले, आणि माझ्याकडं वळून, "बघत काय बसलीस? फोटू काढ!"

काढले. आज्जीच्या सुरकुत्यांवर ताटातला उजेड, अगदी स्वच्छ... त्या फोटोंनी मला घरी परत जाऊ दिलं नाही, इतक्या लांब आणलं.

आमचं भांडण पुढं फोनवरही चालूच राहिलं. काच धुळीत लावायची, दिव्यांपुढं काढायची, इथवर मी आले होते. काका तेवढंही मान्य करायचे नाहीत.

गेल्या आठवड्यात काकूंचं पार्सल आलं. आत काकांची रोजची लेन्स, आणि तिच्यावर चक्क कोरी करकरीत काच! मी तसाच फोन लावला.

"त्यांनीच बसवून ठिवली," काकू म्हणाल्या. "म्हनले, लेन्स तिला द्यायची, पर पोरगी लई भित्री. उघडी दिसली तर हातात धरायची न्हाय."

मी भीतभीत काचेला दोन बोटं लावली. अर्ध्याच आट्यावर, सैल बसवली होती ती... लगेच फिरून हातात आली.